बँड एड ते 'तुफान आलंया': गाण्यानं मदत होते का, आणि होते तर कोणाची?

खडीसाखर

आफ्रिकेतल्या दुष्काळग्रस्तांसाठी अमेरिकन गायकांनी एकत्र गायलेलं 'वी आर द वर्ल्ड' कसं रेकॉर्ड झालं त्यावरची नेटफ्लिक्सची डॉक्युमेंटरी इथल्या बऱ्याच जणांनी बघितली असेल. २८ जानेवारी १९८५ ची रात्र, लॉस एंजेलिसमधे अवॉर्ड फंक्शन संपलं आणि तिथूनच सगळे स्टार लोक थेट ए अँड एम स्टुडिओत, दारावर निर्माता क्विन्सी जोन्सची पाटी की अहंकार बाहेर काढून ठेवा आणि मग आत या. त्यात बॉब डिलनचा प्रसंग भारी आहे. एवढा मोठा माणूस पण त्या घोळक्यात अवघडून उभा, आणि स्वतःची ओळ गायची वेळ आली तर आवाजच फुटेना, मग स्टीव्ही वंडर पियानोवर बसून डिलनला डिलनचीच नक्कल करून दाखवतो, की बाबा रे तू असा गातोस. तेव्हा कुठे गडी मोकळा झाला.

बघायला मजा आली, पण नंतर डोक्यात किडा वळवळायला लागला म्हणून हा काथ्याकूट. या गाण्यानं ६ कोटी डॉलरच्या वर पैसे जमवले. त्याच्या दोनच महिने आधी लंडनमधे बॉब गेल्डॉफ आणि मिज युर यांनी बँड एड या नावाखाली तिकडचे गायक जमवून 'डू दे नो इट्स ख्रिसमस' हे गाणं काढलं होतं, त्याचे वर्षभरात ८० लाख पौंडाच्या आसपास झाले, आणि मग १३ जुलै १९८५ ला वेम्बली आणि फिलाडेल्फिया असा दोन खंडांवरचा लाइव्ह एड हा कार्यक्रम. हे सगळं कशामुळे, तर २३ ऑक्टोबर १९८४ ला बीबीसीवर आलेल्या इथिओपियातल्या कोरेम गावच्या दुष्काळाच्या एका बातमीमुळे. मायकेल बर्कचा आवाज आणि मोहम्मद अमीनचा कॅमेरा. हा अमीन नैरोबीत जन्मलेला, घरचे मूळ पंजाबचे. गायकांची नावं सगळ्यांना पाठ पण ज्याच्या कॅमेऱ्यानं हे सगळं पेटवलं त्याचं नाव कुणाला माहीत नसतं.

माझं म्हणणं असं की पैसे किती आले याच्यावर आपण अडकून बसतो. पैसे आले आणि खर्च झाले. गाणं मात्र चाळीस वर्षं वाजतंय. तेव्हा ते गाणं नक्की कोणाशी बोलतंय हे बघायला हवं. बँड एडचं गाणं इथिओपियातल्या माणसाशी एक अक्षर बोलत नाही, ते बोलतं लंडनच्या उबदार घरातल्या माणसाशी, इथिओपियन माणूस त्यात फक्त विषय आहे. यू टू बँडच्या बोनोच्या वाट्याची ती ओळ आठवा, आज तुझ्याऐवजी ते भोगतायत म्हणून देवाचे आभार मान, अशा अर्थाची. आणि ख्रिसमस आहे हे त्यांना कळतंय का असं ज्यांच्याबद्दल विचारलंय त्या देशात चौथ्या शतकापासून ख्रिश्चन धर्म आहे हो! त्यांचा ख्रिसमस ७ जानेवारीला असतो, लंडनवाल्यांना विचारून करत नाहीत ते.

तुम्हाला काय वाटतं? आपल्याकडची उदाहरणंही येऊ देत.

टोचणी

रुमाल टाकून ठेवतो. तूर्तास एवढंच की फुकटात जाहिरात, वर पुण्य. गायकांना बरं असतं.

पारावरचा_म्हातारा

टोचणीराव, रुमाल टाकताना थोडं जुनंही बघा. या प्रकाराची गंगोत्री १९८४ नाही, १९७१. आणि ती आपल्या माणसानं सुरू केली. पूर्व बंगालमधून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, लोंढेच्या लोंढे येत होते, कोटीच्या घरात माणसं, आणि पंडित रविशंकरांचं घराणं मूळ तिकडचंच, त्यांनी बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनला गळ घातली. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, एकाच दिवशी दोन शो. सुरुवात आपल्या लोकांची, रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्यं लावून झाली आणि पब्लिकनं टाळ्यांचा कडकडाट केला, त्यांना वाटलं हाच राग! पंडितजी हसून म्हणाले की नुसतं सूर जुळवणं एवढं आवडलं असेल तर वादन याहून आवडेल अशी आशा करतो. रेकॉर्डवर आहे ते, ऐका कधीतरी.

आणि त्याच वर्षीची आपल्याकडची गोष्ट सांगतो. नोव्हेंबरपासून पत्रावर नेहमीच्या तिकिटाशिवाय पाच पैशांचं 'शरणार्थी सहायता' तिकीट लावावं लागायचं. सुरुवातीला साध्या तिकिटांवरच शिक्का मारून द्यायचे, मग वेगळं छापलं. पोस्टाच्या खिडकीशी त्यावरून रोज कुरकुर, पण लावायचे सगळे. ना गाणं ना स्टार. देशातल्या यच्चयावत पत्र लिहिणाऱ्याकडून निर्वासितांसाठी पैसे घेतले सरकारनं, आज कुणाच्या लक्षातही नाही. न्यूयॉर्कच्या कार्यक्रमाची मात्र रेकॉर्ड निघाली, सिनेमा निघाला, पन्नास वर्षांनी लेख येतायत. म्हणून खडीसाखरताई, गाणं टिकतं हे तुमचं अगदी खरं आहे.

हिशोबनीस

काका, सुंदर प्रतिसाद. पण बांगलादेश कॉन्सर्टच्या पैशांचं पुढे काय झालं तेही सांगायला पाहिजे, तिथेच खरी ग्यानबाची मेख आहे. गेटचे साधारण २ लाख ४३ हजार डॉलर लगेच युनिसेफकडे गेले. मोठी रक्कम होती रेकॉर्ड आणि सिनेमाची. पण कार्यक्रम आधी रीतसर धर्मादाय म्हणून नोंदवलाच नव्हता, घाई होती, माणसं मरत होती, कागद कोण बघतो. अमेरिकन टॅक्सवाले म्हणाले की हे उत्पन्न आहे, कर भरा. लाखो डॉलर वर्षानुवर्षं अडकले. ज्यांच्यासाठी गायले त्यांचा देश स्वतंत्र होऊन तिथे सरकारं बदलली तरी हिशोब चालूच.

बँड एडच्या वेळी ट्रस्ट लवकर नोंदवला गेला, तो शहाणपणा. तरी व्हॅटची भानगड झालीच. थॅचरबाईंच्या सरकारनं रेकॉर्डवरचा व्हॅट सोडायला नकार दिला, म्हणजे इथिओपियासाठी म्हणून घेतलेल्या रेकॉर्डमधला वाटा ब्रिटिश तिजोरीत. गेल्डॉफनं जाहीर तमाशा केला तेव्हा सरकारनं तेवढीच रक्कम देणगी म्हणून परत दिली.

आणि हसू नका, आपल्या मुंबईतही सेम टू सेम झालंय. १ नोव्हेंबर १९९६, अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स, मायकेल जॅक्सन. शिव उद्योग सेनेसाठी, मराठी तरुणांच्या रोजगाराला निधी म्हणून. युती सरकारनं करमणूक कर माफ केला, ग्राहक संघटना हायकोर्टात गेली की हे कसलं धर्मादाय, कराची रक्कम अडकून पडली आणि शेवटी जानेवारी २०२१ मधे मंत्रिमंडळानं आयोजक कंपनीला ३ कोटी ३४ लाखांची माफी मंजूर केली. तोवर जॅक्सनला जाऊन अकरा वर्षं झाली होती. तेव्हा नाचलेली पोरं आता कर्जाचे हप्ते भरतायत.

कसारा_लोकल

तिथे होतो मी!! लांबून टाचणीएवढा दिसत होता. रोजगार मिळाला नाही, घसा बसला.

लेस्टरवासी

इकडे यूकेत राहून या विषयावर गप्प बसणं अवघड आहे. डिसेंबर लागला की सुपरमार्केटात, पेट्रोल पंपावर, मुलांच्या शाळेच्या कार्यक्रमात, कुठेही जा, ते बँड एडचं गाणं लागलेलंच असतं. आणि इकडच्या लोकांचं त्याच्यावर खरोखर प्रेम आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. तीस लाखांच्या वर खपलं ते इथे, पुढे १९९७ मधे एल्टन जॉनचं डायनासाठीचं गाणं येईपर्यंत सगळ्यात जास्त खपलेलं सिंगल तेच. माझ्या ऑफिसातल्या पन्नाशीच्या बाईनं मला सांगितलं की आयुष्यातली तिची पहिली देणगी म्हणजे पॉकेटमनीतून घेतलेली ती रेकॉर्ड, आणि तेव्हापासून दर महिन्याला कुठेतरी काहीतरी जातंच तिच्या खात्यातून. हा परिणाम कुठल्या ताळेबंदात धरणार?

कॉमिक रिलीफ ही विनोदी कार्यक्रमांतून पैसे जमवणारी संस्था पण त्यातूनच आली, १९८५ च्या ख्रिसमसच्या दिवशी सुरू झाली, १९८८ पासून रेड नोज डे. अख्खा देश लाल नाक लावून फिरतो आणि पैसे जमवतो. १९८६ ला खेळांतून पैसे जमवणारं स्पोर्ट एड झालं. म्हणजे देण्याची सवय लागली हे खरं, आणि ती मुख्यतः टीव्हीसमोर बसून लागली.

पण दुसरी बाजू. २००२ मधे व्हीएसओ या गरीब देशांत स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थेनं 'लाइव्ह एडचा वारसा' म्हणून अहवाल काढला होता. ८० टक्के ब्रिटिश लोकांच्या मनात गरीब देश म्हटलं की दुष्काळ, संकट आणि पाश्चात्यांची मदत एवढंच चित्र. आणि हे लाइव्ह एड होऊन १७ वर्षांनी! पोट सुटलेलं, माशा बसलेलं लहान मूल. ते चित्र काही पुसलं जात नाही. माझ्या शेजारी एक इथिओपियन कुटुंब राहतं, त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला नव्या ओळखीत अजूनही विचारतात, तुमच्याकडे खायला मिळतं ना आता. ती वैतागते. गाण्यात म्हटलंय की तिथे ना पाऊस ना नद्या, आणि निळी नाईल उगम पावते कुठे, तर तिच्याच देशात.

टोचणी

रुमाल उचलतो. मला सांगा, उपाशी माणसाच्या ताटात भाकरी पडली तर ती कुठल्या चालीवर पडली याच्याशी त्याला काय देणंघेणं? आपण इथे एसीत बसून 'चित्र चुकीचं उभं राहिलं' म्हणून गळे काढतोय. त्या दुष्काळात चार लाखांपासून दहा लाखांपर्यंत माणसं गेली असे अंदाज आहेत. गेल्डॉफ तोंडाळ असेल, उद्धट असेल, पण तो उठला आणि काहीतरी केलं. ट्रकवाले अडवणूक करून भाडं लावतायत म्हटल्यावर त्यांनी ट्रकच विकत घेतले. बाकीचे अग्रलेख लिहीत होते. बदनामी झाली तरी चालेल पण जगलेलं बरं, असं माझं साधं गणित आहे.

खडीसाखर

टोचणी, तुमचं गणित बरोबर आहे पण त्यातला एक आकडा तुम्ही गाळलात. तो दुष्काळ नुसता पावसानं आणला नव्हता. मेंगिस्तूचं लष्करी सरकार टिग्रे आणि एरिट्रियातल्या बंडखोरांशी लढत होतं, पिकं, बाजार, रस्ते सगळं त्या लढाईत भरडलं गेलं. सप्टेंबर १९८४ मधे, माणसं उत्तरेत मरत असताना, अदिस अबाबात क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनाचे सोहळे चालू होते. आणि मग त्याच सरकारनं उत्तरेतल्या लोकांना विमानं-ट्रकांत कोंबून नैऋत्येला नेऊन टाकायला सुरुवात केली, पुनर्वसन म्हणून. धान्याच्या केंद्रावर या, म्हणजे उचलता येईल, असा तो प्रकार. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत संस्थेच्या फ्रेंच शाखेनं याविरुद्ध जाहीर बोंब मारली तर डिसेंबर १९८५ मधे त्यांना देशातून हाकललं. बाकीच्या बऱ्याच संस्था तोंड मिटून राहिल्या, काम चालू ठेवायचं होतं ना.

गाण्यात हे कुठेच नाही. गाण्यात फक्त ऊन आहे. मला मान्य आहे की चार मिनिटांच्या गाण्यात राजकारण कोंबता येत नाही. पण मग ऐकणाऱ्याला वाटतं की रेकॉर्ड विकत घेतली, झालं, पाऊस पडेल.

हिशोबनीस

इथे एक नोंद, नाहीतर कुणीतरी व्हॉट्सॅपवरचा फॉरवर्ड आणून चिकटवेल. 'बँड एडच्या पैशातून बंदुका घेतल्या' हे २०१० मधे बीबीसीच्या कार्यक्रमामुळे पसरलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बीबीसीनं बँड एड ट्रस्टची माफी मागितली, तसा पुरावा आमच्याकडे नव्हता म्हणून. तेव्हा तो मुद्दा कृपया नको.

पैसे गळतात ते बरेचदा साध्या ठिकाणी. 'वी आर द वर्ल्ड' काढणाऱ्या यूएसए फॉर आफ्रिकावाल्यांनीच पुढच्या वर्षी, मे १९८६ मधे, अमेरिकाभर माणसांची साखळी केली होती, हात धरून उभे राहायचं, देशातल्या भुकेल्यांसाठी. साधारण ३ कोटी ४० लाख डॉलर जमले, खर्च वजा जाता वाटायला उरले दीड कोटीच्या आसपास. कुणी खाल्ले नाहीत. साखळीच महाग पडली.

वांगी_भात

मस्त धागा. वाचतेय.

पारावरचा_म्हातारा

हिशोबनीस, आपल्याकडच्या गाण्याचं विसरलात का? 'ऐ मेरे वतन के लोगों'. २७ जानेवारी १९६३, दिल्लीचं नॅशनल स्टेडियम, नेहरू समोर. ते नेहरूंच्या डोळ्यांत पाणी वगैरे सगळ्यांना माहीत आहे. संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं, पुणतांब्याचे अण्णा चितळकर. लताबाई गायल्या. पण कवी प्रदीप यांनी त्या गाण्याची रॉयल्टी युद्धातल्या विधवांना द्यायची ठरवली होती हे किती जणांना ठाऊक आहे?

हिशोबनीस

काका, तेच टंकत होतो. त्याचा शेवट मुंबई हायकोर्टात झाला. ऑगस्ट २००५ मधे कोर्टानं रेकॉर्ड कंपनीला सांगितलं की थकलेले १० लाख रुपये लष्कराच्या युद्धविधवा निधीत भरा. १९६३ चं गाणं, २००५ चा निकाल, कवी प्रदीप १९९८ लाच गेलेले. दर २६ जानेवारीला, १५ ऑगस्टला गल्लोगल्ली लाउडस्पीकरवर वाजतं ते गाणं, आणि ज्यांच्यासाठी ते होतं त्यांचा वाटा मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागली.

कसारा_लोकल

हे माहीत नव्हतं. सुन्न.

माणगंगा

मी कोरेगाव तालुक्यातली, सासर तिकडचं. शेवटचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपचं, म्हणजे गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेचं, २०१६ हे पहिलं वर्ष, तीनच तालुके होते, वरुड, अंबाजोगाई आणि आमचं कोरेगाव, आणि आमच्याकडच्या वेळू गावाचा पहिला नंबर आला. पुढच्या वर्षी तालुके वाढले आणि अजय-अतुलचं 'तुफान आलंया' आलं. आता ते पण सेलिब्रिटींचं गाणंच की, आमीर खान आहे, किरण राव आहे, नट आहेत. पण ते गाणं मुंबईच्या माणसाला गावाची दया आणण्यासाठी नव्हतं. ते आम्हालाच म्हणत होतं, उठा. पैसे मागितले नाहीत, टिकाव घ्या म्हटलं.

पहाटे पाचला भोंग्यावर ते लागायचं आणि माणसं टोपली-फावडं घेऊन डोंगराकडे. सलग समतल चर खणायचे, ए-फ्रेमनं लेव्हल काढायची, ओळंबा मधोमध आला की चुना टाकायचा. सासूबाई आयुष्यात कधी गटातटाच्या भांडणात समोरच्या आळीला गेल्या नव्हत्या, त्या तिकडच्या बायकांशेजारी उभं राहून माती ओढत होत्या. सगळं गोग्गोड झालं असं नाही, काही गावांत काम नुसतं स्पर्धेपुरतं झालं, काही ठिकाणी जेसीबीनं जास्त केलं, आणि पाणी आल्यावर लोकांनी परत ऊस लावला हेही आहेच. चर बुजले की दुरुस्तीला कोण येतं, तेव्हा गाणं नसतं. पण आम्हाला कुणी बिचारं म्हणालं नाही, हा फरक मला मोठा वाटतो.

खडीसाखर

माणगंगाताई, या प्रतिसादासाठीच धागा काढला होता असं समजा.

तुमच्यासारखंच एक तिकडचं उदाहरण आहे. २०१४ ला पश्चिम आफ्रिकेत इबोला आला तेव्हा गेल्डॉफनं परत तेच गाणं नवीन गायक घेऊन काढलं, बोनोची ती ओळ बदलली एवढं खरं. फ्यूज ओडीजी हा घानाच्या मुळाचा ब्रिटिश गायक, त्याला बोलावलं होतं, त्यानं शब्द वाचले आणि नाही म्हणाला. २०२४ मधे चाळिसाव्या वर्षाचं मिक्स आलं तेव्हा त्यातला २०१४ चा आवाज वापरलेला एड शीरन पण म्हणाला की मला विचारलं असतं तर मी परवानगी दिली नसती. पण त्याच २०१४ मधे टिकेन जा फाकोली, सालिफ केता, अमादू आणि मरियम, मोरी कांते या आफ्रिकन कलाकारांनी मिळून इबोलावर वेगळं गाणं केलं, फ्रेंच आणि तिकडच्या भाषांत. त्यात काय सांगितलंय, तर आजाऱ्याला हात लावू नका, मृताला हात लावू नका, डॉक्टरवर विश्वास ठेवा. पैसे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सला. दफनाच्या वेळी प्रेताला आंघोळ घालण्यातून आजार पसरत होता, तेव्हा तिथल्या माणसाला त्याच्या ओळखीच्या आवाजात हे सांगणं म्हणजेच औषध. कुठल्या गाण्याची जगभर चर्चा झाली ते सांगायला नकोच.

टोचणी

हे मान्य. पण मग 'वी आर द वर्ल्ड'ला पण त्याच पारड्यात टाकणार का? ती कल्पना हॅरी बेलाफोंटे या काळ्या गायकाची होती, आणि त्याचं म्हणणंच हे होतं की गोरे लोक काळ्यांना वाचवायला निघालेत, आपण काळे लोक आपल्या माणसांसाठी काय करतोय. लिहिलं मायकेल जॅक्सन आणि लायनेल रिची यांनी. शिवाय १० टक्के रक्कम अमेरिकेतल्याच भुकेल्या-बेघरांसाठी काढून ठेवली होती. म्हणजे भूक फक्त 'तिकडे' असते असं त्यांनी तरी म्हटलं नाही.

लेस्टरवासी

हा चांगला मुद्दा आहे. गाण्याचे शब्दही मुख्यतः 'आपण' म्हणतात. तरी पंचवीस वर्षांनी हैतीसाठी तेच परत काढलं तेव्हा इतकं बेचव झालं की विचारू नका.

आणि अवांतर पण या विषयाचं: यूट्यूबवर 'रेडी-एड' शोधा. २०१२ ला नॉर्वेच्या विद्यार्थी संघटनेनं काढलेलं गाणं, त्यात आफ्रिकन गायक नॉर्वेतल्या थंडीनं कुडकुडणाऱ्या बिचाऱ्या लोकांसाठी घरातले हीटर गोळा करतायत. चेहऱ्यावर बँड एडसारखाच करुण भाव. हसून हसून पुरेवाट.

वांगी_भात

आत्ता बघितलं ते हीटरवालं, ऑफिसात फुटले 😂

एक बाळबोध प्रश्न विचारू का? अशा गाण्या-कार्यक्रमांत मनापासून पैसे द्यावेसे वाटले तर ते नीट जातायत हे आपल्यासारख्यानं बघायचं कसं?

हिशोबनीस

बाळबोध अजिबात नाही. कार्यक्रमाच्या पोस्टरवर 'मदतनिधीसाठी' एवढंच लिहिलं असेल तर थांबा आणि निधी कुणाचा ते विचारा. ट्रस्टचं नाव पाहिजे, धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक पाहिजे, पावतीवर ८०जी (देणगीवरची करसवलत) असेल तर उत्तम. तिकिटातला किती वाटा मदतीला आणि किती हॉल-साउंड-मानधनाला, हे आधी विचारा, कार्यक्रमानंतर कुणी सांगत नाही. रेकॉर्ड किंवा व्हिडिओ निघणार असेल तर त्याचे हक्क कोणाकडे तेही बघा, 'ऐ मेरे वतन'चं घोडं तिथेच अडलं. आणि सरळ मार्ग हवा असेल तर गाणं फुकट ऐका आणि पैसे त्या संस्थेच्या खात्यात थेट टाका, मधे कुणी लागतच नाही.

टोचणी

म्हणजे गायकांनी फुकट गायचं, आपण फुकट ऐकायचं, आणि हिशोबनिसांनी फुकट सल्ला द्यायचा.

हिशोबनीस

माझा हॉल नाही लागत, तेवढाच खर्च कमी.

माणगंगा

टोचणीदादा, फुकटचंच काढलंय तर उन्हाळ्यात या आमच्याकडे. चर साफ करायचेत, माणसं कमी पडतात. भोंगा आहे अजून, गाणं लावू.